साइन ३० आणि तीन उत्तरं

साइन ३० किती? दहावीतलं पोर झोपेतही सांगेल, एक छेद दोन. आता कॅलक्युलेटरवर करून बघा. पडद्याच्या वरच्या कडेला बारीक 'डी' असेल तर ०.५ येईल. 'आर' असेल तर उणे ०.९८८, आणि 'जी' असेल तर ०.४५४! मशीन बिघडलेलं नाही. डिग्रीत वर्तुळाचे ३६० भाग, रेडियनमध्ये २ पाय, ग्रेडमध्ये ४००. म्हणून उसना कॅलक्युलेटर हातात आला की आधी साइन ३० दाबायचं, पेपर नंतर सोडवायचा.

तो 'जी' कुणी वापरताना दिसत नाही, पण त्याची गोष्ट झकास आहे. फ्रेंच राज्यक्रांतीनंतर तिथल्या शास्त्रज्ञांना सगळंच दशमान करायचं होतं, म्हणून काटकोनाचे १०० ग्रेड झाले. उत्तर ध्रुव ते विषुववृत्त हे अंतर एक कोटी मीटर धरलं होतं. म्हणजे त्या हिशेबाने पृथ्वीवर उत्तर-दक्षिण एक ग्रेड सरकलात की बरोबर १०० किलोमीटर! आणि 'सेंटिग्रेड' म्हणजे ग्रेडचा शंभरावा भाग. तापमानाच्या अंशालाही तोच शब्द होता. हा घोळ नको, हेही एक कारण होतं म्हणून १९४८ मध्ये तापमानाच्या अंशाला सेल्सिअस हे नाव मिळालं.

'रेडियन' हा शब्द पहिल्यांदा छापला गेला तो चक्क प्रश्नपत्रिकेत: १८७३, बेलफास्ट, पेपर काढणारे जेम्स थॉमसन, म्हणजे लॉर्ड केल्विन यांचे थोरले भाऊ. पण कल्पना आपल्याकडे कितीतरी जुनी. कॅसिओच्या साध्या सायंटिफिक मॉडेलवर डिग्री मोड ठेवा, १ दाबा, मग शिफ्ट, 'अ‍ॅन्स'वरचं डीआरजी, त्यातला आर, आणि बरोबर. आलं ५७.२९५७७९५१, म्हणजे एका रेडियनचे अंश. मिनिटं करायला याला ६० ने गुणा: ३४३७.७५. आर्यभटांनी इ. स. ४९९ मध्ये 'ज्या'चं, म्हणजे साइनचं, कोष्टक रचलं, त्यात त्रिज्या आहे ३४३८ कला, म्हणजे कोनाची मिनिटं! मला तर हा आकडा पडद्यावर उमटताना दर वेळी भरून येतं.

अंश-मिनिट-सेकंदाचं बटण घड्याळालाही चालतं. पृथ्वी तासाला १५ अंश फिरते. भारतीय प्रमाणवेळेचं रेखावृत्त ८२.५, भागिले १५, ते बटण दाबा: ५ अंश ३० मिनिटं, म्हणजेच आपले साडेपाच तास. आता दक्षिण मुंबईचा रेखांश घ्या, ७२.८२. उत्तर ४ अंश ५१ मिनिटं १६.८ सेकंद. जुना 'बॉम्बे टाइम' ग्रीनिचच्या ४ तास ५१ मिनिटंच पुढे होता.

आणि हा खेळ रात्री निवांत करा. रेडियन मोड, कुठलाही आकडा, आणि त्याचा कॉस. आलेल्या उत्तराचा पुन्हा कॉस, पुन्हा कॉस. पन्नास-साठ वेळा दाबलंत की आकडा ०.७३९०८५१३३ वर येऊन थांबतो, सुरुवात ५ पासून केलेली असो की ५ लाखांपासून. डिग्रीत मात्र तीन-चार दाबांतच ०.९९९८४७७४१.