नऊ फटी, सात फटी

दुसऱ्या महायुद्धातल्या विलीज एमबी जीपचे पुढचे दिवे बिजागरीवर बसवलेले असत. हाताने फिरवायचा एक नट सैल केला, की दिवा वर उचलून मागे वळवता येई आणि रात्री बॉनेटखालच्या इंजिनावर काम करायला त्याचाच उजेड मिळे. जाळीच्या मागे आत बसवलेला हा दिवा शोभेसाठी नव्हता. पाना किंवा जॅक असतो तसं ते एक हत्यार होतं. तेव्हापासूनच्या ऐंशीहून अधिक वर्षांत जुन्या फोर-व्हील-ड्राइव्ह गाड्यांच्या पुढच्या बाजूला जे जे बदललं ते क्रमाने पाहिलं, तर बहुतेक वेळा दिवा आधी बदललेला दिसतो आणि जाळीने त्याला जागा करून दिलेली दिसते. आज हौसेने जुनी जीप उभी करणारे लोक ‘ग्रिल आणि हेडलाइट’ एकाच दमात म्हणतात, खर्चाच्या कागदावर एकाच ओळीत लिहितात. माझं म्हणणं असं, की ही दोन कामं एका जातीची नाहीत. दिवा हा मुळात बदलत राहणारा भाग आहे आणि तो सुधारण्यात जुन्या गाडीशी कसलीही बेइमानी नाही. जाळी मात्र ती गाडी कधीची आणि कोणती याची साक्ष देते. ती बदलली की साक्षच फिरते.

१९४१च्या पहिल्या विलीज एमबींना आज आपण ओळखतो ती जाळी नव्हतीच. लोखंडी पट्ट्या जोडून केलेली ती एक जड चौकट होती. त्याच गाडीचं उत्पादन फोर्डकडेही दिलं गेलं तेव्हा फोर्डने पत्र्याच्या एकाच तुकड्यातून दाबून काढलेली, नऊ उभ्या फटींची जाळी आणली. ती हलकी होती, स्वस्त होती आणि युद्धात हवी तितक्या झपाट्याने निघत होती. १९४२मध्ये विलीजनेही तीच स्वीकारली. म्हणजे जगभर ‘जीपचा चेहरा’ म्हणून ओळखल्या गेलेल्या त्या फटी कुणा चित्रकाराच्या कागदावर उमटलेल्या नाहीत. वेळ आणि पोलाद वाचवण्याच्या गरजेतून त्या आल्या. युद्ध संपता संपता, १९४५मध्ये, विलीजने शेतकऱ्यांसाठी आणि नागरी वापरासाठी सीजे-२ए काढली. तिचे दिवे मोठे झाले, जाळीच्या मागून निघून पुढच्या बाजूला आले, आणि याच फेरबदलात नवाच्या सात फटी झाल्या. जाणकार माणूस फटी मोजून गाडी युद्धकाळातली की युद्धानंतरची हे सांगतो ते यामुळेच. दिवा किती मोठा आणि कुठे बसला, याची नोंद त्या पत्र्यात कायमची राहिली आहे.

इंग्लंडमध्येही हेच घडलं. १९४८च्या पहिल्या लँड रोव्हरचे दिवे तारेच्या जाळीच्या मागे होते. दोन-तीन वर्षांत ते जाळीतून बाहेर डोकावू लागले. पुढे १९६०च्या दशकाच्या अखेरीला, काही देशांच्या दिव्यांविषयीच्या नियमांपायी, ते जाळी सोडून थेट मडगार्डांवर गेले आणि गाडीचं रूपच पालटलं. अमेरिकेत १९४० सालच्या मॉडेलांपासून सात इंची गोल सील्ड बीमची सक्ती झाली होती. काच, आरसा आणि फिलामेंट एकाच बंद भांड्यात, आणि ते भांडं सगळ्या गाड्यांना सारखं. फिलामेंट जळाली की अख्खं भांडं फेकायचं आणि कुठल्याही दुकानातून तसंच दुसरं आणून बसवायचं. सुटे बल्ब बदलता येतील अशा दिव्यांना तिथे परवानगी मिळायला १९८३ उजाडलं. या सक्तीने दिव्याची प्रगती तिकडे बराच काळ रोखून धरली हे खरं. पण त्या सात इंची मापानेच जुन्या गाड्यांवर मोठे उपकार केले आहेत. नंतर आलेलं प्रत्येक तंत्र त्याच गोल घरात बसत गेलं. उलट वाटही एकदा चोखाळली गेली: १९८७च्या जीप रँग्लरला, त्या काळच्या फॅशनप्रमाणे, चौकोनी दिवे दिले गेले. ते जीपप्रेमींना रुचले नाहीत. कित्येकांनी अख्खी जाळी बदलून गोल दिवे परत आणले, आणि १९९७च्या मॉडेलात कंपनीनेही गोल दिवेच दिले.

आपल्याकडे ही गोष्ट माझगावला सुरू होते. महिंद्रांनी स्वातंत्र्याच्या सुमारास मुंबईत विलीजची जुळणी हाती घेतली आणि पुढे जी गाडी इथे रुजली ती सीजे-३बी. महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात कित्येक वर्षं ‘सरकारी गाडी’ म्हटलं की हीच जीप डोळ्यांपुढे येई, मग ती तहसील कचेरीची असो, वनखात्याची असो की पोलीस ठाण्याची. हिची जाळी इतर जीपांपेक्षा उंच आहे, दिवे आणि बॉनेटची वरची कड यांमध्ये कपाळासारखी मोकळी जागा सुटलेली आहे. कारण सरळ आहे. १९५३ साली विलीजने जुन्या ‘गो डेव्हिल’ इंजिनाच्या जागी ‘हरिकेन’ बसवलं. त्यात आत येणाऱ्या हवेचे व्हॉल्व्ह सिलिंडरच्या बाजूचे काढून वर, हेडमध्ये नेले होते. ताकद वाढली, पण इंजिन उंच झालं, आणि ते मावावं म्हणून बॉनेट आणि जाळी दोन्ही वर उचलावी लागली. अमेरिकेत ही गाडी १९६८मध्ये बंद झाली. तिचं रूप पुढे जपानात मित्सुबिशीने आणि भारतात महिंद्रांनी दशकानुदशकं जिवंत ठेवलं. सात फटींची जीप जगभर आहे, पण हे उंच कपाळ खास आपल्या ओळखीचं आहे.

आणि नेमकं तेच आज सर्वांत जास्त कापलं जातं. ‘हाय बॉनेट’ गाडी घ्यायची आणि तिची ‘लो बॉनेट’ करायची, हा जुन्या जीपांच्या बाजारातला ठरलेला धंदा आहे. पंजाब-हरियाणाच्या सीमेवरचं मंडी डबवाली तर अशा जीपांसाठी देशभर माहीत आहे. नऊ फटींची जाळी, सपाट बॉनेट, लष्करी हिरवा रंग आणि बाजूला पांढरा तारा एवढं जमवलं, की महाराष्ट्रात सरकारी फायली वाहिलेली गाडी युद्धात लढून आल्यासारखी दिसू लागते. दिसायला ती देखणी असते, हे मी मनापासून मान्य करतो. पण नॉर्मंडीची आठवण म्हणून चढवलेल्या या जाळीखाली आपल्याच देशाच्या उभारणीची आठवण गाडली जाते, आणि ही दुसरी आठवण जपणारं दुसरं कुणी नाही. एमबी जपायला अमेरिकेत आणि युरोपात भरपूर हात आहेत. महिंद्राची सीजे-३बी आपण नाही जपली तर कोण जपणार?

यावर एक आक्षेप लगेच येतो. जाळीसुद्धा बोल्टांवरच बसते, जुनी काढून ठेवली तर उद्या परत लावता येईल. मग दिव्याला मुभा आणि जाळीला बंदी, असा भेद का? जीपच्या बाबतीत हा युक्तिवाद टिकत नाही, कारण तिथे जाळी म्हणजे वरून चिकटवलेली शोभेची चौकट नव्हे. रेडिएटर तिला धरून उभा असतो, दोन्ही मडगार्डं तिला जोडलेली असतात, दिव्यांची घरं तिच्यात असतात आणि बॉनेट तिच्यावर येऊन टेकतं. तिची उंची बदलली की बॉनेट बदलावं लागतं, मडगार्डांची जुळणी बदलते, रेडिएटर हलतो, आणि खाली मूळ इंजिन असेल तर तेही मावेनासं होतं. एक पत्रा बदलायला निघालेला माणूस शेवटी अर्धी गाडी बदलून बसतो. या कामात कापलेला आणि वेल्डिंग केलेला भाग पूर्वीसारखा होत नाही.

जाळी हीच गाडीची ओळख, याचा दुसरा पुरावा कायद्याच्या लढाईतला आहे. महिंद्रांनी २०१८मध्ये अमेरिकेत ‘रॉक्सर’ ही जीपच्या घडणीची गाडी आणली तेव्हा जीपची मालकी असलेल्या फियाट क्रायस्लरने तिथल्या आंतरराष्ट्रीय व्यापार आयोगाकडे तक्रार केली. जीपच्या रूपाची ओळख म्हणून जी वैशिष्ट्यं मांडली गेली त्यांत उभ्या फटींची सपाट जाळी होती, आणि वरच्या भागात गोल दिव्यांना वळसा घालून जाणारी तिची कडही होती. २०२०मध्ये निकाल महिंद्रांच्या विरोधात गेला आणि बदललेल्या रूपातल्या रॉक्सरला त्या वर्षाअखेरीस परवानगी मिळाली. निकाल योग्य होता की नाही हा वेगळा वाद. विलीजकडून रीतसर परवाना घेऊन सात दशकं जीप बनवणाऱ्या कंपनीला तो लागावा, याची रुखरुख मराठी माणसाला वाटली तर ते स्वाभाविक आहे. माझ्या मुद्द्यापुरतं एवढंच महत्त्वाचं, की दिव्याच्या आत कोणता बल्ब आहे याला या भांडणात काही किंमत नव्हती. ओळख ठरली ती पत्र्याच्या आकारावर.

आता दिव्यांकडे वळू. इथे सुधारणा न करण्यात मला कसलाही पुरुषार्थ दिसत नाही. जुन्या जीपचा उजेड मंद असतो याचं खापर लोक बल्बवर फोडतात, पण पहिला दोष बहुधा तारांचा असतो. मूळ जोडणीत सगळा करंट बॅटरीतून डॅशबोर्डवरच्या बटणाकडे, तिथून पायाने दाबायच्या डिपरकडे आणि मग पुढे दिव्यांपर्यंत जातो. चाळीस-पन्नास वर्षांत बटणाचे पॉइंट जळकट होतात, तारांच्या टोकांना हिरवट गंज चढतो, अर्थिंग गंजलेल्या पत्र्यातून होतं. फिलामेंटच्या दिव्याचा उजेड व्होल्टेजच्या साधारण ३.४ व्या घाताच्या प्रमाणात बदलतो. म्हणजे १२ व्होल्टऐवजी दिव्यापाशी १०.८ पोचले, १० टक्के घट झाली, तर उजेड जवळजवळ ३० टक्क्यांनी पडतो. सर्वांत जुन्या गाड्या तर ६ व्होल्टच्या. तेवढ्याच वॉटसाठी त्यांना दुप्पट करंट लागतो आणि तारांतली गळती आणखी बोचते. म्हणून पहिला खर्च दोन रिले, फ्यूज, योग्य जाडीच्या नव्या तारा आणि बॅटरीपर्यंत नेलेलं स्वच्छ अर्थिंग यांवर करावा. जुनं बटण आणि डिपर जागेवरच राहतात. फक्त त्यांच्यातून आता दिव्याचा भार जात नाही. यानंतर सील्ड बीमच्या जागी काचेचा सात इंची एच-४ दिवा आणि ६०/५५ वॉटचा बल्ब. एच-४ बल्ब १९७१चा आहे; कित्येक जीपांपेक्षा तोच वयाने मोठा. बाहेरून काच गोल, फुगीर, रेघांची. रस्त्यावरून पाहणाऱ्याला फरक कळतही नाही.

याच्या पुढे गेलं की मात्र सुधारणा उलटते. तारा न बदलता १३०/१०० वॉटचे बल्ब टाकले, तर अप्परला दोन दिवे मिळून २१ अँपियरहून अधिक ओढतात आणि जुन्या बटणातून धूर निघायला वेळ लागत नाही. एच-४मध्ये डिपरच्या फिलामेंटखाली धातूची एक लहानशी वाटी असते. तिच्यामुळे डिपरचा उजेड आरशाच्या वरच्या भागावरच पडतो आणि तिथून खाली रस्त्याकडे वळतो. आरशाचा सगळा हिशेब फिलामेंटच्या नेमक्या जागेवर बांधलेला आहे. तिथे स्वस्तातला एलईडी बल्ब खोचला, की उजेडाचा उगम सरकतो, आकार बदलतो, आणि जो प्रकाश रस्त्यावर पडायचा तो समोरच्याच्या डोळ्यांत जातो. चालवणाऱ्याला वाटतं लख्ख दिसतंय, कारण गाडीपुढची वीस पावलं उजळलेली असतात. एलईडीच हवा असेल तर स्वतःचा आरसा, स्वतःची काच असलेला पूर्ण सात इंची दिवा घ्यावा, आणि तोही डावीकडून चालणाऱ्या वाहतुकीसाठी बनवलेला. उजवीकडून चालणाऱ्या देशांसाठीच्या काचेत डिपरचा झोत उजव्या कडेला वर चढतो, आणि आपल्याकडे उजवी बाजू म्हणजे समोरून येणारी गाडी. परदेशातून हौसेने मागवलेले महागडे दिवे घाटात दुसऱ्यांच्या जिवावर उठू शकतात ते असे.

अलीकडे महिंद्रांच्याच थार या गाडीच्या निमित्ताने पसरलेली ‘अँग्री बर्ड’ ग्रिल जुन्या जीपांवरही दिसू लागली आहे. तिच्या रागीट भुवया दिव्याचा वरचा भाग झाकतात. वर सांगितलेली वाटी लक्षात घेतली तर हे किती चुकीचं आहे ते कळेल: डिपरसाठी काम करणारा भागच तिने झाकला जातो. जाळी आणि दिवा यांचं जुनं नातं इथे पुरतं उलटं झालं आहे. ८० वर्षं जाळी दिव्यासाठी सरकत आली आणि आता जाळीपायी दिवा आंधळा केला जातो.

मूळ रूपाचा कडवा आग्रह धरणारे म्हणतील, की सील्ड बीम काढला तर गाडी अस्सल कुठे राहिली? प्रदर्शनात उभ्या राहणाऱ्या गाडीसाठी हा आग्रह रास्त आहे आणि तिथे जुना दिवा जरूर लावावा. दहा मिनिटांचं काम आहे. पण जी गाडी रात्री रस्त्यावर येते तिच्यापुढे पादचारी असतात, बैलगाड्या असतात, दिवा नसलेल्या सायकली असतात. कायद्याचा कलही मला याच दिशेने दिसतो. २०२१मध्ये केंद्राने ५० वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी ‘व्हीए’ मालिकेची वेगळी नोंदणी आणली तेव्हा अट घातली ती चॅसिस, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा फेरबदल नसावा ही. त्याआधी २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळच्या एका प्रकरणात, कारखान्याने दिलेल्या मूळ रचनेत मालकाला मनमानी बदल करता येणार नाहीत, असं बजावलं होतं. कपाळ कापून लो बॉनेट केलेली गाडी या कसोट्यांना कशी उतरेल, याचा विचार पैसे मोजण्याआधी झालेला बरा.

ज्यांनी आधीच लो बॉनेट केली आहे त्यांनी ती मोडावी असं मी म्हणणार नाही; खर्च झालेला असतो, जीव जडलेला असतो. पण काढलेली उंच जाळी अजून गॅरेजच्या मागे उभी असेल, तर ती भंगाराच्या काट्यावर चढवू नये. गंज खरवडून, रेड ऑक्साइडचा हात देऊन, गाडीचा नंबर मागच्या बाजूला रंगवून ती कोरड्या जागी ठेवावी. तिच्यातल्या दोन सात इंची भोकांत आजही बाजारातला कोणताही चांगला दिवा बसतो.