मूर, बॉबी
(१२ एप्रिल १९४१–२४ फेब्रुवारी १९९३). विख्यात इंग्लिश फुटबॉलपटू व १९६६ च्या विश्वचषकविजेत्या इंग्लंड संघाचा कर्णधार. संपूर्ण नाव रॉबर्ट फ्रेडरिक चेल्सी मूर. एसेक्स परगण्यातील बार्किंग येथे जन्म. १९५८ मध्ये मँचेस्टर युनायटेडविरुद्धच्या सामन्यात वेस्ट हॅम युनायटेड या व्यावसायिक संघाकडून त्याने पदार्पण केले व १९७४ पर्यंत तो त्याच संघात खेळला. १९६३ मध्ये, वयाच्या बाविसाव्या वर्षी, त्याच्याकडे प्रथमच इंग्लंडचे नेतृत्व आले. १९६२ ते १९७३ या काळात तो १०८ आंतरराष्ट्रीय सामने खेळला. त्यांपैकी ९० सामन्यांत तो कर्णधार होता.

बचावपटूला सामान्यतः आवश्यक मानलेले गुण, म्हणजे वेग आणि चेंडू डोक्याने टोलविण्याचे कौशल्य, मूरजवळ बेताचेच होते. प्रतिस्पर्ध्याचा डाव आधीच ओळखून योग्य जागी उभे राहणे, चेंडू नेमक्या क्षणी काढून घेणे आणि लगेच अचूक फटक्याने आपल्या आघाडीकडे पोहोचविणे, हे त्याच्या खेळाचे विशेष होत. १९६६ च्या अंतिम सामन्यात पश्चिम जर्मनीविरुद्ध इंग्लंडचा पहिला गोल त्याने तत्परतेने घेतलेल्या मुक्त फटक्यावर, तर चौथा त्याने दिलेल्या लांब पल्ल्याच्या चेंडूवर झाला. दोन्ही गोल त्याचा वेस्ट हॅममधील सहकारी जेफ हर्स्ट याने केले. इंग्लंडने हा सामना ४–२ असा जिंकला.

गोल करणाऱ्याच्या तुलनेत बचावपटूच्या वाट्याला प्रेक्षकांची वाहवा कमी येते. त्याची खरी पारख बहुधा बरोबरीचे खेळाडूच करतात. मूरच्या बाबतीत याचा उत्तम प्रत्यय येतो. १९७० च्या विश्वचषक स्पर्धेत ग्वादालाहारा येथे ब्राझीलने इंग्लंडला १–० असे हरविले. परंतु वेगाने मुसंडी मारणाऱ्या जाइर्झिन्योच्या पायातून मूरने नियमभंग न करता काढून घेतलेला चेंडू आजही आदर्श मानला जातो. सामन्यानंतर पेले व मूर यांनी परस्परांचे सदरे बदलून घेतले. पुढे पेलेने त्याची गणना आपण तोंड दिलेल्या सर्वश्रेष्ठ बचावपटूंत केली. त्याच वर्षी यूरोपातील सर्वोत्तम खेळाडूच्या निवडीत गेर्ट म्यूलरच्या खालोखाल मूरला दुसरे स्थान मिळाले. त्याच्या हातून चुकाही घडल्या. १९७३ मध्ये पोलंडविरुद्ध चेंडू गमावल्याने झालेला गोल इंग्लंडला महागात पडला.

१९६४ मध्ये त्याच्यावर वृषणाच्या कर्करोगासाठी शस्त्रक्रिया झाली होती. ही गोष्ट त्याच्या हयातीत सर्वसामान्यांना ज्ञात नव्हती. त्यातून बरा होऊन त्याने १९६५ मध्ये वेस्ट हॅमला यूरोपीय चषकविजेत्यांचा करंडक मिळवून दिला. त्याला ओ. बी. ई. हा किताब मिळाला (१९६७). ‘सर’ ही पदवी मात्र मिळाली नाही. आतड्याच्या कर्करोगाने लंडन येथे त्याचे निधन झाले. २००७ मध्ये नव्या वेंब्ली क्रीडागारासमोर त्याचा पुतळा उभारण्यात आला व २००८ मध्ये वेस्ट हॅमने त्याचा ६ हा क्रमांक त्याच्या सन्मानार्थ कायमचा राखून ठेवला.