मार्लीची नाहीशी झालेली बाग आणि तिची संगणकीय पुनर्रचना

व्हर्सायच्या उत्तरेस काही किलोमीटरांवर मार्ली येथे फ्रान्सचा राजा चौदावा लुई याने १६७९ पासून ज्यूल आर्दुआँ-मान्सार या वास्तुविशारदाकडून विश्रांतीसाठी एक प्रासाद बांधून घेतला. वरच्या बाजूस राजाचा महाल, त्यापुढील जलाशयांच्या दोन्ही अंगांना पाहुण्यांची सहा-सहा घरे आणि उतारावर टप्प्याटप्प्याने मांडलेली तळी, अशी ही बाग बरोक शैलीची, म्हणजे एका मध्यरेषेभोवती सारे तोलून धरणारी होती. तिच्या कारंज्यांसाठी सेन नदीवरील १४ चाकांचे यंत्र दीडशे मीटरांहून अधिक उंचीवर पाणी चढवीत असे. राज्यक्रांतीनंतर ही मालमत्ता विकली गेली, महालात सूतगिरणी निघाली, ती बुडाली आणि १८०६ मध्ये महाल पाडला गेला. आज त्याच्या पायाची आखणी तेवढी जमिनीवर दिसते.

अशा बागेचा शोध मातीपासूनच घ्यावा लागतो. विमानातून लेसरचे झोत सोडून जमिनीचे बारीक चढउतार मोजणारे लायडार झाडीखाली दडलेले बांध दाखवते, तर जमिनीत लहरी सोडणारे रडार पाये आणि नळांच्या वाटा न खणता हुडकते. मग जुने नकाशे या मोजणीवर बसवायचे. त्यांतील मापे ‘त्वाझ’मध्ये, म्हणजे सुमारे १.९५ मीटरच्या एककात असतात, आणि नकाशा अभिप्रेत बांधकामाचा की झालेल्या, हे आधी पारखावे लागते.

खरी कसोटी काळाची आहे. महालामागील टेकडीवरून संगमरवरी पायऱ्यांवरून वाहणारा ‘नदी’ नावाचा भव्य धबधबा सतराव्या शतकाच्या अखेरीस बांधला गेला आणि देखभालीचा खर्च पेलवेना म्हणून १७२८ मध्ये त्याच्या जागी हिरवळ आली. खालच्या तळ्याकाठचे क्वाझव्हो याने घडवलेले पंख असलेले घोडे १७१९ मध्ये पॅरिसच्या त्विलरी बागेत गेले, आणि आज लूव्र संग्रहालयात असलेले गियोम कुस्तूचे सुप्रसिद्ध घोडे मार्लीच्या त्या तळ्याकाठी १७४५ मध्ये बसले. साहजिकच, धबधबा आणि कुस्तूचे घोडे एकत्र दाखवणारे प्रतिरूप कितीही देखणे असले, तरी ते कधीच अस्तित्वात नसलेल्या बागेचे ठरते. म्हणून प्रत्येक प्रतिरूपाला निश्चित वर्ष द्यावे, आणि पुराव्याने सिद्ध झालेला, तर्काने बसवलेला व निव्वळ कल्पिलेला भाग वेगळ्या रंगांत दाखवावा. संगणकीय दृश्यांकनाच्या ‘लंडन सनदे’चा आग्रहही अशाच पारदर्शकतेचा आहे. झाडांच्या बाबतीत तर ही दक्षता दुप्पट हवी, कारण भिंतीची उंची मोजता येते, पण एखादे कुंपण कोणत्या वर्षी किती वाढले होते, हे नकाशा सांगत नाही.