वेताळाचा शाईवाला

कवटीची अंगठी, पट्ट्यापट्ट्यांची चड्डी, बुबुळं न दिसणारे डोळे. इंद्रजाल कॉमिक्स वाचून मोठं झालेल्याला वेताळाचं वर्णन सांगावं लागत नाही. पण त्याला तीस वर्षांहून जास्त काळ रेखाटणारा साय बॅरी आपल्याकडे किती जणांना ठाऊक आहे?

बॅरीचा जन्म न्यूयॉर्कचा, १९२८ चा. थोरला भाऊ डॅन कॉमिक्समध्ये आधीच रुळलेला. पुढे 'फ्लॅश गॉर्डन'ची रोजची पट्टी काढणारा तोच. धाकटा त्याच्या हाताखाली लागला. अमेरिकन कॉमिक्सचा तो सुवर्णकाळ. एकाने पेन्सिलीने चित्र काढायचं, दुसऱ्याने शाईने पक्कं करायचं. साय बॅरी हा शाईवाला. नुसतं गिरवणं नव्हे हं! रेघ कुठे जाड, सावली कुठे, अंधार किती, हे सगळं त्या कुंचल्यावर ठरतं.

गंमत बघा. १९५२ मध्ये 'फँटम स्ट्रेंजर' नावाचा नवा नायक आला. पेन्सिल कार्माइन इन्फँटिनोची, शाई बॅरीची. नऊ वर्षांनी त्याच्या हाती आला तो दुसराच फँटम, म्हणजे आपला वेताळ!

१९६१ मध्ये वेताळाचे चित्रकार विल्सन मॅकॉय वारले आणि त्याच वर्षी रोजची पट्टी बॅरीकडे आली. मॅकॉयची रेषा साधी, गोलसर. बॅरीने वेताळाला पिळदार केलं, जंगल दाट केलं, चेहऱ्यांवर वय आणि राग आणला. माझ्या मते खरा वेताळ हाच. आठवड्याला सहा पट्ट्या, वर रविवारचं रंगीत पान, आणि हे थेट १९९४ पर्यंत. हिशेब मांडा: रोजच्या पट्ट्याच दहा हजारांच्या पुढे जातात. जॉर्ज ओलेसेनसारखे मदतनीस होते म्हणूनच हे निभलं.

वेताळ आणि त्याची प्रेयसी डायना १९३६ पासून एकमेकांची वाट बघत होते. त्यांचं लग्न लागलं १९७७ मध्ये, बॅरीच्या काळात. १९७९ मध्ये किट आणि हेलॉइज ही जुळीही झाली.

रंगाचा किस्सा त्याच्याही आधीचा. लेखक ली फॉकच्या मनात पोशाख करडा होता. १९३९ मध्ये रविवारचं रंगीत पान निघालं आणि तो जांभळा छापला गेला. इटलीत मात्र वेताळ लाल, स्वीडनमध्ये निळा!

आपल्याकडे टाइम्स ऑफ इंडियाने मार्च १९६४ मध्ये इंद्रजाल सुरू केलं. बंगालशी घोटाळा नको म्हणून वेताळाच्या 'बेंगाली' देशाचं तिथे 'डेंकाली' झालं. मुखपृष्ठं बी. गोविंद रंगवत. १९९० मध्ये इंद्रजाल बंद पडलं, तोवर आठशेहून जास्त अंक निघाले होते.

माळ्यावर त्यातला एखादा अंक असेल तर खाली काढा. कथा १९६१ नंतरची असेल, तर रात्रीच्या जंगलाचं एखादं चित्र शोधा आणि त्यातल्या काळ्या शाईकडे नीट बघा. आणि घरातल्या मुलांना चित्रकाराचं नावही सांगा: साय बॅरी.