मोटारीनें बंदराकडे

नागपुराहून मोटारीनें निघून मुंबईच्या धक्क्यावर जहाज गांठावयाचें, आणि तेंहि ऐन उन्हाळ्यांत, तर त्याचा बेत कसा आंखावा ह्याविषयीं आज चार शब्द सांगावयाचे आहेत. विषय ऐकून कित्येकांस वाटेल कीं, ह्यांत सांगण्यासारखें तें काय आहे? मोटार घरची, रस्ता नवा, तिकिटें खिशांत. पहांटे निघावें आणि सायंकाळीं जहाजावर चढावें. मलाहि पूर्वीं असेंच वाटत असे. २०२४ सालच्या मे महिन्यांत हा समज मला महागांत पडला, आणि मजपेक्षां माझ्या आईस अधिक.

आईचें वय तेव्हां एकाहत्तर वर्षांचें होतें. सारा जन्म विदर्भांत गेलेला. समुद्र तिनें चित्रांतच पाहिलेला. मुंबईहून गोव्यास जाऊन परत येणाऱ्या सहलीच्या जहाजाचीं, ज्यास हल्लीं सर्वजण क्रूझ म्हणतात, त्याचीं तिकिटें आम्हीं काढलीं. पहांटे चारला नागपूर सोडलें. दोन प्रहरीं शिरडीच्या अलीकडे मागचें एक चाक फुटलें. गाडी कशीबशी सांवरली आणि कोणास इजा झाली नाहीं, हें ईश्वराचे उपकार. परंतु जादा चाक, ज्यास आपण स्टेपनी म्हणतों, तें सर्व सामानाच्या तळाशीं होतें, आणि बाहेर काढून पाहतों तों त्यांत हवा नव्हती! त्या खटाटोपांत अडीच तास गेले. पुढें भिवंडी-ठाण्याच्या गर्दीनें उरलासुरला वेळ खाल्ला. धक्क्यावर पोहोंचलों तेव्हां जहाज उभेंच होतें, पण प्रवाशांस आंत घेण्याचा दरवाजा बंद झाला होता. “अरे, बोट अजून उभी आहे कीं!” असें आई म्हणाली. उभें असलेलें जहाजहि आपणांसाठीं गेल्यासारखेंच आहे, हें तिला समजावून सांगणें मला फार जड गेलें.

एके काळीं ही जबाबदारी प्रवाशाच्या माथीं नव्हती. मुंबईस बॅलार्ड पियरच्या धक्क्यालगतच रेल्वेचें एक स्थानक होतें. १९२८ सालीं सुरू झालेली फ्रंटियर मेल ही गाडी वर्षांतील कांहीं महिने तेथूनच सुटत असे, आणि विलायतेहून आलेले उतारू बोटींतून उतरून थेट डब्यांत बसत. बोट आणि गाडी ह्यांच्या वेळांचा मेळ घालण्याचें काम दुसरे कोणी तरी करीत होते. तें स्थानक १९४४ सालीं बंद झालें. आतां त्याच परिसरांत सहलीच्या जहाजांसाठीं २०२५ सालीं नवें प्रशस्त स्थानक झालें आहे. परंतु मोटारीनें येणाऱ्या कुटुंबास आपलें वेळापत्रक आपणच करावें लागतें. तें करण्याची रीत आतां पाहूं.

पहिला नियम असा कीं, हिशेब घरापासून करूं नये. जहाजापासून उलटा करावा. जहाज सुटण्याची वेळ ही आपली वेळ नव्हे. त्याच्या आधीं तास-दीड तास, कधीं त्याहूनहि अगोदर, प्रवाशांस घेणें बंद होतें. ती वेळ तिकिटावर छापलेली असते. ती तांबड्या शाईनें अधोरेखित करून ठेवावी. जहाजावर जाणाऱ्या माणसांची यादी सुटण्यापूर्वीं पुरी करून अधिकाऱ्यांकडे द्यावयाची असते, म्हणून दारावरच्या माणसाची कितीहि विनवणी केली तरी तो हतबल असतो.

आतां अंतर पाहा. समृद्धि महामार्ग नागपुरापासून भिवंडीजवळील आमणें गांवापर्यंत ७०१ किलोमीटर आहे. त्याचा नागपूर ते शिरडी हा ५२० किलोमीटरांचा टप्पा डिसेंबर २०२२ मध्यें आणि इगतपुरी ते आमणें हा अखेरचा टप्पा ५ जून २०२५ रोजीं खुला झाला. आमण्यापासून धक्का आणखी सुमारें ५० किलोमीटर. सपाटीवर मोटारीस ताशीं १२० किलोमीटर वेगाची मुभा आहे, म्हणून कागदावर ७०१ ला १२० नें भागून ‘सहा तास’ असें उत्तर काढणारे पुष्कळ भेटतात. तो भागाकार बरोबर असला तरी बेत चुकीचा आहे. वाटेंतले थांबे सोडून सरासरी ९० धरली तर महामार्गासच जवळ जवळ आठ तास लागतात. दर दोन तासांनीं वीस मिनिटांची विश्रांति आणि एक जेवण धरलें तर दहा. आणि मुंबईतील शेवटच्या पन्नास किलोमीटरांस दोन तास, कधीं अधिकहि. म्हणजे बारा तासांचा प्रवास झाला, आणि त्यांत एकहि चाक फुटलेलें नाहीं! अशा दिवशींच जहाज गांठूं पाहणें म्हणजे अपघातास जागाच न ठेवणें होय.

तेव्हां माझी शिफारस तीन दिवसांच्या बेताची आहे. पहिल्या दिवशीं पहांटे पांचला निघावें आणि शिरडीस मुक्काम करावा. वाटेंतल्या थांब्यांसह दुपारचें ऊन भरास येण्याच्या सुमारास आपण तेथें पोहोंचतों. दुसऱ्या दिवशीं सकाळीं उरलेले १८१ किलोमीटर काटून, इगतपुरीजवळचा सुमारें आठ किलोमीटर लांबीचा बोगदा ओलांडून, दुपारच्या आधीं मुंबईंत यावें आणि रात्र तेथेंच काढावी. तिसऱ्या दिवशीं सावकाश धक्क्यावर जावें. ‘दोन रात्रींचा फुकट खर्च’ असें कोणी म्हणेल. बुडालेल्या तिकिटांचा खर्च ज्यानें सोसला आहे तो तसें म्हणणार नाहीं.

दुसरी गोष्ट चाकांची. मे महिन्यांत विदर्भांत पारा ४५ अंशांच्या पुढें जातो, आणि सिमेंटचा रस्ता हवेहूनहि अधिक तापतो. अशा वेळीं एक गैरसमज घरोघरीं आढळतो: उन्हानें हवा फुगते, तेव्हां टायरमध्यें हवा थोडी कमीच भरावी, म्हणजे तो फुटणार नाहीं. वस्तुस्थिति ह्याच्या नेमकी उलट आहे. हवा कमी असली म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंती प्रत्येक फेऱ्यास अधिक दबतात आणि पुन्हां ताठ होतात. तार एकसारखी वांकविली कीं ती जशी तापून तुटते, तसेंच तें रबर आंतून तापतें आणि त्याचे थर सुटूं लागतात. वेग जितका अधिक आणि सामान जितकें जड, तितका हा ताप अधिक. ऊन आणि घर्षण ह्यांनीं दाब वाढतो हें खरें. तपमान पांच-सहा अंशांनीं चढलें कीं दाब सुमारें एका पौंडानें चढतो. परंतु ही वाढ टायर बनविणाऱ्यानें आधींच हिशेबांत धरलेली असते. म्हणून निघण्याच्या दिवशीं, चाकें थंड असतांना, चालकाच्या दाराजवळच्या पट्टीवर छापलेल्या आंकड्याइतकीच हवा भरावी. सर्व बैठका भरल्या असतील आणि सामान पुष्कळ असेल तर त्याच पट्टीवर दिलेला अधिक भाराचा आंकडा घ्यावा. वाटेंत तापलेल्या चाकांतून हवा काढूं नये. स्टेपनी तपासण्यास विसरूं नये, आणि ती सामानाच्या तळाशीं पुरूं नये. हें मी अनुभवानें सांगतों.

टायरचें वयहि पाहावें. त्याच्या भिंतीवर चार आंकडे कोरलेले असतात. पहिले दोन आठवडा दाखवितात आणि शेवटचे दोन साल. ‘२३१९’ असें असेल तर तो टायर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यांत तयार झाला. गाडी कमी चालली म्हणून टायर नवा राहत नाहीं; रबर उभ्या उभ्याहि म्हातारें होतें. नक्षीची खोली १.६ मिलिमीटरपेक्षां कमी झाली तर तो टायर कायद्यानेंहि बाद आहे. माझें फुटलेलें चाक नक्षीनें चांगलें दिसत होतें. त्याचें वय मात्र मीं कधीं वाचलेंच नव्हतें.

तिसरी गोष्ट झोंपेची, आणि ती सर्वांत गंभीर आहे. जुन्या रस्त्यावर खड्डे होते, गांवें होतीं, गुरें आडवीं येत. चालकाचें मन त्यांत गुंतून राहत असे. सरळ, रुंद आणि अडथळ्यांवांचूनच्या रस्त्यावर मनास काम उरत नाहीं. डोळे उघडे असतात, हात चक्रावर असतात, पण लक्ष निजलेलें असतें. ताशीं १२० वेगानें गाडी एका सेकंदांत ३३ मीटर जाते. तीन सेकंदांची डुलकी लागली तर ती १०० मीटर अंतर चालकावांचून तोडते! १ जुलै २०२३ च्या मध्यरात्रीनंतर ह्याच महामार्गावर बुलढाणा जिल्ह्यांत एक खासगी बस उलटून पेटली आणि २५ प्रवासी मृत्युमुखी पडले. तशा रात्रीं गाडी कोणत्या कारणानें उलटते हें तज्ज्ञांनीं ठरवावें. आपण एवढेंच ध्यानांत घ्यावें कीं, मध्यरात्र ते पहांट हा मनुष्याच्या शरीराचा निजण्याचा काळ आहे आणि दुपारीं दोन ते चार हा त्याचा धाकटा भाऊ. ‘उन्हापासून वांचण्यासाठीं रात्रीं निघूं’ ही युक्ति म्हणूनच घातक आहे. आदल्या रात्रीं पुरी झोंप घ्यावी. दर दोन तासांनीं, झोंप आली नसली तरी, उतरून पाय मोकळे करावेत. घरांत दुसरें कोणी गाडी चालविणारें असेल तर पाळी बदलावी. कांचा उघडणें, मोठ्यानें गाणें लावणें हे झोंपेवरचे उपाय नव्हेत. चहा अथवा कॉफी घेऊन सुरक्षित जागीं वीस मिनिटें डोळे मिटणें हा उपाय आहे. मागच्या बैठकीवरील मंडळींनींहि पट्टे बांधावेत. आजीबाईंस ते कांचले तरी सोडूं देऊं नयेत.

ह्या महामार्गावर वाटेल तेथें उतरतां येत नाहीं. बाहेर पडण्याच्या जागा ठराविक आहेत. म्हणून पेट्रोल अर्ध्यावर आलें कीं भरून घ्यावें. दर माणशीं तीन-चार लिटर पाणी गाडींत असावें. मदतीसाठीं टोलनाक्यावर लिहिलेला दूरध्वनि क्रमांक कागदावर टिपावा. आणि गाडी थांबवून खालीं उतरतांना मूल किंवा वृद्ध माणूस बंद गाडींत, ‘पांच मिनिटांत येतों’ असें म्हणून, कदापि ठेवूं नये. उन्हांत उभ्या गाडीच्या आंतील तपमान दहा मिनिटांत सुमारें दहा अंशांनीं वाढतें.

चौथी गोष्ट ऋतूची. मुंबईंत मोसमी पाऊस साधारणतः ११ जूनला येतो. पण २०२५ सालीं तो २६ मे रोजींच, म्हणजे सोळा दिवस आधीं, येऊन ठेपला. आपल्या पश्चिम किनाऱ्याचा पावसाळी समुद्र किती निष्ठुर असतो, हें १७ जुलै १९४७ रोजीं भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघालेल्या ‘रामदास’ बोटीनें सहाशेंहून अधिक माणसांच्या प्राणांचें मोल देऊन सांगितलें आहे. आजचीं सहलीचीं जहाजें तिच्या कित्येक पट मोठीं आहेत, तेव्हां भिण्याचें कारण नाहीं. तथापि खवळलेला समुद्र आणि घाटांतला पाऊस दोन्ही टाळावयाचे असतील तर सहल मेच्या पूर्वार्धांत उरकणें शहाणपणाचें.

धक्क्यासंबंधीं थोडें. गाडी कोठें ठेवावयाची हें नागपूर सोडण्यापूर्वींच ठरवावें. ठाण्या-मुलुंडाकडे आप्त असतील तर गाडी त्यांच्या दारीं ठेवून भाड्याच्या मोटारीनें धक्क्यावर जाणें उत्तम. मोठें सामान धक्क्यावर सोपवावें लागतें आणि तें खोलींत सायंकाळीं उशिरां येतें. म्हणून औषधें, चष्मे, ओळखपत्रें आणि घरच्या किल्ल्या हातांतल्या पिशवींत असाव्यात. जहाज परदेशीं बंदरास लागणार असेल तर पासपोर्टहि. कपड्यांची इस्त्री आणि पाणी तापविण्याची विजेची किटली बहुधा आगीच्या भयानें जहाजावर नेऊं देत नाहींत. समुद्र लागणाऱ्यांनीं वैद्यांच्या सल्ल्यानें गोळी आधींच घ्यावी. मळमळ सुरू झाल्यावर ती पोटांत राहत नाहीं.

शेवटीं परतीविषयीं, कारण तिचा विचार कोणी करीत नाहीं. जहाज सकाळीं धक्क्यास लागतें, आणि ‘उद्यां कचेरी आहे’ म्हणून मंडळी तशीच साडेसातशें किलोमीटरांवर निघतात. जहाजावरचीं जागरणें, उतरल्यावरहि कांहीं काळ पायाखालची जमीन हलल्याचा भास, आणि पुढें दुपारचें ऊन: इतक्या गोष्टी एकत्र येऊं देऊं नयेत. रजा एक दिवस अधिक काढावी आणि परततांनाहि मुक्काम करावा.

पुढच्या वर्षीं, २०२५ च्या एप्रिलांत, आम्ही पुन्हां निघालों. ह्या खेपेस चाकें नवीं होतीं, मुक्काम दोन होते, आणि धक्क्यावर आम्ही तीन तास आधीं पोहोंचलों. इतका वेळ काय करावयाचें म्हणून मुलें कुरकुरत होतीं. आई मात्र एका बाकावर बसून समोरच्या जहाजाकडे पाहत होती. मीं विचारलें, “कंटाळा आला का?” ती म्हणाली, “नाहीं रे. ह्या वेळीं ती थांबली आहे तोंवर आपण आलों, एवढें पुष्कळ आहे.”

श्रोतेहो, आपणांपैकीं जीं कुटुंबें हा बेत करीत असतील, त्यांस तीन तासांचा असाच कंटाळा लाभो, एवढेंच मागणें आहे.