तिघांत पुढे कोणीच नाही

पियानो, डबल बेस आणि ड्रम्स. गायक नाही, ट्रम्पेट नाही, सॅक्सोफोनही नाही. जॅझच्या दुनियेत या तिघांच्या मेळाला पियानो ट्रिओ म्हणतात. एवढ्याशा लवाजम्यासमोर गेली कित्येक दशकं जगभरचे रसिक डोळे पुसत आले आहेत. ठाणे, डोंबिवली, कल्याण या पट्ट्यात ख्याल आणि नाट्यसंगीत ऐकून मोठ्या झालेल्या श्रोत्याला या गोष्टीचं नवल वाटतं. शब्द नाहीत, राग नाही, भाव दाखवणारा गायक नाही. मग गलबलतं कशानं? माझं म्हणणं असं की या प्रश्नाचं निम्मं उत्तर आपल्या कानांना आधीपासून ठाऊक आहे. उरलेलं निम्मं मात्र आपल्या सवयींना चांगलंच टोचणारं आहे.

आधी ठाऊक असलेलं बघू. संगीत नाटकाच्या रंगमंचासमोर बसणारा वाद्यमेळ आठवा. ऑर्गन, तबला, सारंगी. गंधर्व नाटक मंडळीच्या वैभवाच्या दिवसांत बालगंधर्वांच्या साथीला तबल्यावर अहमदजान थिरकवा आणि सारंगीवर कादरबक्ष बसत. नुसत्या या दोघांसाठी तिकीट काढणारे लोक होते, असं जुने जाणकार सांगत. थिरकवाँचा हा वारसा ठाण्यात आला तो पं. भाई गायतोंडे यांच्या हातून. भाई हे थिरकवाँचे आणि 'गुणीदास' जगन्नाथबुवा पुरोहितांचे शिष्य. संगीतभूषण पं. राम मराठेही जगन्नाथबुवांकडेच शिकले आणि ठाणेकर म्हणूनच ओळखले गेले. महापालिकेचा संगीत महोत्सव आज त्यांच्याच नावानं होतो. तिकडे कल्याणात १९२६ सालापासूनचा कल्याण गायन समाज भास्करबुवा बखल्यांच्या स्मरणार्थ देवगंधर्व महोत्सव भरवतो. म्हणजे लय, साथ आणि सम या गोष्टी या पट्ट्याला कोणी बाहेरून येऊन शिकवायच्या नाहीत.

जॅझच्या ट्रिओचा सांगाडाही बराचसा ओळखीचाच आहे. बहुतेक धून ३२ बारची असते, दर बारात चार मात्रा. म्हणजे १२८ मात्रांचं एक आवर्तन. आधी धून वाजवायची, मग तेच आवर्तन पुन्हा पुन्हा फिरवत त्यावर उपज करायची आणि शेवटी धुनेवर परतायचं. बारा बारचा ब्लूज घेतला तर आवर्तन ४८ मात्रांचं. अतिविलंबित एकतालात एकेका मात्रेचे चार-चार भाग मनात मोजत समेची वाट बघणाऱ्या श्रोत्याला हा ४८ चा हिशेब मुळीच परका नाही. ड्रम्सवाला आणि पियानोवाला कधी कधी चार-चार बार वाटून घेतात, तेव्हा तर आपल्याकडच्या सवाल-जवाबाचीच आठवण होते. फरक एवढाच की समेवर टाळी देणारा कोणी नसतो. किंबहुना चांगला ट्रिओ आवर्तनाची सुरुवात मुद्दाम लपवतो आणि ती आपल्याला मनात धरून बसावी लागते.

खरी अडचण सुरू होते ती बेसपाशी. आपल्याकडे तंबोरा षड्ज धरून बसतो आणि मैफल संपेपर्यंत जमीन हलत नाही. डबल बेस ती जमीन दर दोन-चार मात्रांनी सरकवतो. घरी पेटी असेल तर एक प्रयोग करून पाहा. उजव्या हाताच्या करंगळीनं पंचम धरून ठेवा, तो सोडू नका. अंगठ्यानं त्याच्या खालचा षड्ज वाजवा. पंचम निवांत वाटेल. आता अंगठा कोमल गंधारावर न्या. तोच पंचम त्या नव्या आधाराचा गंधार होतो आणि एकदम उजळतो. अंगठा मध्यमावर नेला की तोच सूर ऋषभ होतो आणि कुठेतरी निघाल्यासारखा वाटतो. अंगठा ताणून खालच्या कोमल धैवतावर ठेवला, तर तोच पंचम शुद्ध निषाद होऊन बसतो. त्यातली हुरहूर सांगून कळायची नाही. वरचा सूर जागचा हललेला नाही, अर्थ मात्र तीन वेळा बदलला. आपल्या शास्त्रात मूर्च्छना आणि षड्जचालन आहेच, पण ते विद्वानांचं क्वचित दाखवायचं कसब. ट्रिओत ते दर मिनिटाला घडतं आणि घडवणारा मागे उभा असलेला बेसवाला असतो. पियानोवादकाचं बोट ज्या सुरावर थांबलं आहे, त्या सुराला हसवायचं की रडवायचं हे दुसऱ्याच माणसाच्या हातात असतं. या संगीताच्या परिणामाचं मूळ मला तरी इथेच दिसतं.

हे सगळं एका जागी ऐकायचं तर २५ जून १९६१ या तारखेला पर्याय नाही. रविवार होता. न्यूयॉर्कच्या व्हिलेज व्हॅनगार्ड नावाच्या तळघरातल्या क्लबात पियानोवादक बिल एव्हान्स, बेसवर स्कॉट लाफारो आणि ड्रम्सवर पॉल मोशन यांनी दुपारपासून रात्रीपर्यंत पाच बैठका वाजवल्या आणि त्या सगळ्या ध्वनिमुद्रित झाल्या. ध्वनिमुद्रणात पेल्यांचा किणकिणाट ऐकू येतो, कोणाचं हसणं, कोणाच्या गप्पा. पहिलीच धून 'ग्लोरियाज स्टेप' ही लाफारोची रचना. वीज गेल्यामुळे तिच्या पहिल्या मुद्रणात मध्येच खंड पडला आहे. भारनियमनाची वर्षं पाहिलेल्या डोंबिवलीकराला न्यूयॉर्कबद्दल एवढ्यानेही आपुलकी वाटावी!

त्या दिवसाची 'माय फूलिश हार्ट' ही पाचेक मिनिटांची संथ धून मी नव्या माणसाला पहिल्यांदा ऐकवतो. एव्हान्स धुनेतला एकही सूर फारसा सजवत नाही. लाफारो एरवी पियानोशी बरोबरीनं बोलणारा, चपळ बोटांचा. इथे तो मोजकेच खर्जाचे सूर टाकतो आणि प्रत्येक सूर विरेपर्यंत वाट बघतो. मोशनच्या हातात काठ्या नाहीत, तारांचे ब्रश आहेत. झांज कधी थरथरते, कधी नुसती श्वास घेतल्यासारखी उमटते. ठेका असा कोणी धरलेलाच नाही. तरीही लय एका क्षणासाठीही सुटत नाही, कारण तिघांनी ती आपापल्या पोटात धरली आहे. धून मध्याच्या पुढे गेल्यावर पियानोचा आवाज जरासा चढतो आणि बाकीचे दोघं न सांगता त्याच्याबरोबर चढतात. नाटकी काही घडत नाही, पण ऐकणाऱ्याचा गळा दाटतो. रात्रीची शेवटची धून होती 'जेड व्हिजन्स', तीही लाफारोचीच, नऊ मात्रांच्या चालीतली. अकराव्या दिवशी, ६ जुलैला, लाफारो मोटार अपघातात गेला. वय २५. त्यानंतर कित्येक महिने एव्हान्सनं लोकांसमोर वाजवलं नाही. त्या ध्वनिमुद्रणांचं दुःख या हकिकतीमुळे वाढतं हे खरं, पण ती ठाऊक नसलेल्या माणसालाही ते संगीत तितकंच लागतं, याचा अनुभव मी घेतला आहे.

एव्हान्सच्या आधी बेसवाल्याचं काम चालत राहण्याचं होतं. दर मात्रेला एक सूर, चार-चारच्या पावलांनी. ड्रम्सवाल्यानं ठेका सांभाळायचा आणि पियानोवाल्यानं बाजी मारायची. १९३७ च्या सुमाराचा नॅट किंग कोलचा ट्रिओ तर ड्रम्सशिवायचाच, पियानो-गिटार-बेसचा. १९५८ च्या जानेवारीत शिकागोच्या पर्शिंग हॉटेलात अहमद जमालनं इझ्रायल क्रॉस्बी आणि व्हर्नेल फूर्निए यांना घेऊन जी तबकडी केली, तिनं एक नवीच गोष्ट दाखवली. जमाल वाजवायचं सोडून द्यायचा. दोन सूर, मग मोकळी जागा, आणि त्या जागेत बेस आणि ड्रम्स ऐकू यायचे. शंभराहून जास्त आठवडे ती तबकडी खपाच्या यादीत राहिली. पुढे १९८३ पासून तीस वर्षांहून अधिक काळ कीथ जॅरेट, गॅरी पीकॉक आणि जॅक डिजॉनेट या तिघांनी जुन्याच धुना पुन्हा पुन्हा वाजवल्या. एकच भूप दर मैफलीत नवा मांडावा तशा. विजय अय्यर हा तमिळ घरातला अमेरिकन पियानोवादक. त्याच्या ट्रिओची २००९ सालची 'हिस्टॉरिसिटी' ऐकली की लयीचं गणित आणि भावना यांचं भांडण नसतं हे पटतं. बाकीची नामावळी इथे देत बसत नाही. ती कुठेही मिळते.

आता आपल्या सवयींना टोचणारा भाग. आपल्या मैफलीच्या पत्रिकेवर मोठ्या टायपात एक नाव असतं आणि खाली बारीक अक्षरात साथीदार. दिवाळी पहाट म्हणजे तर या रचनेचं टोक. डोंबिवलीचा फडके रोड फुललेला असतो, नवे कपडे, गजरे, फोटो. मंचावर निवेदक दोन पदांच्या मध्ये पाच मिनिटं बोलतो आणि पेटीवाल्याला 'वन्स मोअर' मिळण्याची संधी फक्त गायक पाणी पिताना. मला दिवाळी पहाट आवडते, गर्दीसकट आवडते. पण ध्वनिवर्धकाच्या भिंती अशा चढवलेल्या असतात की पेटीवाल्याला तबला ऐकू येतो तो समोरच्या लहान स्पीकरमधून, बाजूच्या माणसाच्या हातातून नव्हे. एकमेकांचं ऐकणं हाच ज्या संगीताचा जीव आहे, ते या आवाजात टिकणार नाही.

आणि तरी आपल्याकडे याची उदाहरणं होती. कुमार गंधर्व, तबल्यावर वसंतराव आचरेकर आणि पेटीवर गोविंदराव पटवर्धन ही बैठक माझ्या लेखी अस्सल ट्रिओच. कुमारजी सुराचा एखादा तुकडा टाकून थांबत. त्या थांबण्यात आचरेकर भर घालत नसत. ठेका साधा, स्वच्छ, तोलून धरलेला. गोविंदराव अर्धवट सोडलेली जागा पेटीनं पूर्ण करण्याचा मोह टाळत. तिघांनी मिळून जपलेली ती रिकामी जागा अंगावर येते. जमालची शिकागोतली तबकडी आणि कुमारजींचं एखादं मध्यलयीतलं ध्वनिमुद्रण पाठोपाठ लावून बघा. माणसं वेगळी, संस्कार वेगळे, धीर तोच. आकाशवाणीनं १९४० मध्ये पेटीला बंदी केली आणि ती सैल व्हायला १९७१ उजाडलं. ज्या वाद्याला इतकी वर्षं दाराबाहेर उभं केलं, त्याचे वादक असे ऐकायला शिकले, याचं मला कौतुक वाटतं.

जॅझ आपल्यापासून लांबही कधी नव्हता. १९३५ मध्ये लिऑन अ‍ॅबी मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात आपला वाद्यवृंद घेऊन आला; पाठोपाठ पियानोवादक टेडी वेदरफर्ड. त्यांच्याकडून गोव्याच्या वादकांनी हे संगीत उचललं. त्यांतला ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट म्हणजे अंतोनियो झेवियर वाझ, पुढे सी. रामचंद्रांच्या वाद्यमेळात गेला आणि १९५१ च्या 'अलबेला'त पडद्यावरही दिसला. संगीतकार पुणतांब्याचा चितळकर (तेच सी. रामचंद्र), नायक भगवानदादा पालव आणि ट्रम्पेट गोव्याचा. मराठी माणसाच्या पायांना स्विंगची गोडी लागली ती या तिघांमुळे. १९५८ मध्ये डेव्ह ब्रुबेक मुंबईत आला तेव्हा सतारिये अब्दुल हलीम जाफर खाँसाहेबांबरोबर बसून वाजवून गेला. १९७८ मध्ये निरंजन झवेरींनी धोबीतलावच्या रंगभवनात 'जॅझ यात्रा' सुरू केली. पियानोवादक लुई बँक्स दार्जिलिंगचे, पण आयुष्याचा मोठा भाग मुंबईत गेलेला. 'मिले सुर मेरा तुम्हारा' घडवणाऱ्यांत अशोक पत्कींबरोबर त्यांचं नाव आहे. त्यांचा मुलगा जिनो ड्रम्स वाजवतो आणि बापलेक एकाच मंचावर बसतात. रंगभवन मात्र शांतता क्षेत्राच्या नियमांत अडकून मुकं झालं आणि २००७ साली लोअर परळला उघडलेला ब्लू फ्रॉगही २०१६ मध्ये बंद झाला.

म्हणजे होतं ते सगळं दादर-चर्चगेटच्या पलीकडे. आपल्याकडच्या रसिकानं नरिमन पॉइंटला जायचं, मैफल रंगात आली की घड्याळ बघायचं आणि टॅक्सी करून सीएसएमटी गाठायचं. तिथून पुढे धिमी गाडी. तिसऱ्या धुनेनंतर ज्याचं अर्धं लक्ष शेवटच्या कर्जतकडे लागलं आहे, त्याला बेसचा सरकता सूर काय ऐकू येणार?

गडकरी रंगायतन, घाणेकर नाट्यगृह, अत्रे रंगमंदिर, फुले कलामंदिर. एवढी सभागृहं आपल्या पट्ट्यात आहेत. ट्रिओला त्यांतल्या मोठ्या मंचाची गरजच नाही. शंभर-दीडशे माणसं बसतील अशी छोटी जागा, भाड्यानं आणलेला आणि त्याच दिवशी सुरात लावून घेतलेला खरा पियानो, आणि ध्वनिवर्धक शक्यतो बंद. इलेक्ट्रॉनिक कीबोर्डवर काम भागतं असं आयोजक म्हणतील. भागत नाही. पियानोचा सूर दाबल्यावर विरत जातो आणि त्या विरण्यातच बेसला जागा मिळते. पहिल्या भागात पेटी आणि तबला, दुसऱ्या भागात ट्रिओ, अशी संध्याकाळ आपल्या जुन्या संगीत संस्थांनी एकदा करून बघावी. पत्रिकेवर सगळी नावं एकाच टायपात छापावीत.

तोवर ही मंडळी घरी ऐका. मात्र मोबाइलच्या स्पीकरवर ऐकू नका. तो खर्ज गिळतो आणि बेसच गेला तर हाती नुसता हॉटेलातला पियानो उरतो. बरे हेडफोन लावा, 'माय फूलिश हार्ट' सुरू करा आणि पहिल्या वेळी पियानोकडे लक्षच देऊ नका. फक्त लाफारो ऐका. दुसऱ्या वेळी मोशनचे ब्रश. एव्हान्स तिसऱ्या वेळी.