गोबरवायूच्या टाकीतील सहकार

हिंगोली जिल्ह्यातील कळमनुरीकडच्या किंवा औंढ्याकडच्या एखाद्या खेड्यात शेतकऱ्याच्या अंगणात गोबरवायूची नवी टाकी बांधली जाते, तेव्हा घरात सर्वांत अधिक उत्सुकता असते ती घरधनिणीला. तुराट्या, पऱ्हाट्या आणि गोवऱ्या फुंकून डोळे लाल करून घेण्याचे तिचे दिवस आता संपावयाचे असतात. शेण आणि पाणी समभाग कालवून टाकी भरली जाते. काही दिवसांनी वायू जमतो, नळीतून बाहेरही येतो. परंतु त्यास काडी लावली तर तो पेट घेत नाही, उलट काडीच विझते. शेजारीपाजारी म्हणतात, ‘शेण कमी पडले, आणखी घाला.’ जाणता मनुष्य मात्र निराळेच सांगतो. शेण घालणे थांबवावे, आणि ज्या घरी अशी टाकी नीट चालू आहे तेथील चार बादल्या रबडी आणून हीत ओतावी, असा त्याचा सल्ला असतो. दुधाला विरजण लावावे तसाच हा प्रकार होय.

या सल्ल्याच्या मुळाशी एक मोठे मनोरंजक शास्त्र आहे. शेणापासून ज्वलनशील वायू निर्माण करणे हे कोणत्याही एका जंतूचे काम नव्हे. ते अनेक जातींच्या सूक्ष्म जीवांनी मिळून केलेले काम आहे, आणि त्यांचा हा सहकार जमल्यावाचून चूल पेटत नाही.

टाकीत प्राणवायूचा प्रवेश नसतो. तेथे पहिली टोळी कामास लागते ती काडीकचरा फोडणाऱ्या जंतूंची. शेणात उरलेल्या कडब्याच्या तंतूंची ते साखर करतात. दुसरी टोळी त्या साखरेपासून निरनिराळी आम्ले बनविते. हायड्रोजन आणि कार्बन डायऑक्साइड हे वायूही त्याच वेळी सुटतात. तिसऱ्या टोळीतील जंतू त्यांपैकी काही आम्ले मोडून त्यांचे ॲसेटिक आम्ल, म्हणजे शिरक्यातील आंबट द्रव्य, करतात व आणखी हायड्रोजन सोडतात. सर्वांत शेवटी मिथेनकारी सूक्ष्म जीव येतात. हायड्रोजन, कार्बन डायऑक्साइड आणि ॲसेटिक आम्ल यांवर ते उपजीविका करतात आणि चुलीत जळणारा मिथेन वायू बाहेर टाकतात. शास्त्राच्या काटेकोर भाषेत या शेवटच्या मंडळीस बॅक्टेरिया म्हणता येत नाही. १९७७ साली कार्ल वूझ व जॉर्ज फॉक्स यांनी दाखवून दिल्याप्रमाणे त्यांचे कूळच वेगळे आहे. परंतु वेगळ्या कुळातील असूनही ते बॅक्टेरियांच्या गळ्यात गळा घालून राहतात, हीच यातील मौज आहे.

आता कोणी विचारील, ही केवळ एकापुढे एक लागलेली पंगत झाली. यात सहकार तो कोठे आला? त्याचे उत्तर तिसऱ्या टोळीच्या अडचणीत आहे. आम्ले मोडण्याच्या तिच्या व्यवहारात नफा अत्यंत थोडा, आणि तोही हायड्रोजन सभोवार जवळजवळ नसेल तरच मिळतो. हायड्रोजनाचा दाब वातावरणाच्या दाबाच्या एक दशसहस्रांशापेक्षाही कमी असावा लागतो. तो वाढला की नफ्याचा तोटा होतो आणि काम थांबते. उसाच्या चरकापुढील चिपाडांचा ढीग वेळेवर उचलला गेला नाही तर चरक जसा अडतो, तशीच ही गोष्ट आहे. मिथेनकारी जीव ही चिपाडे उचलतात. नव्हे, ती त्यांची भाकरीच आहे. एकाचा कचरा हटतो, दुसऱ्याचे पोट भरते, आणि दोघेही जगतात.

ही जोडी इतकी घट्ट आहे की तिने शास्त्रज्ञांनाही चकविले. मद्यार्कापासून मिथेन करणाऱ्या एका जंतूचे वर्णन बार्कर या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९३६ साली केले, आणि पुढे तीस वर्षे तो एकच जीव समजला जात होता. १९६७ साली मार्विन ब्रायंट व त्यांचे सहकारी यांनी दाखविले की तो एक नसून दोन आहेत! त्यांतील एक मद्यार्क खाऊन हायड्रोजन सोडी. पण हायड्रोजन साचला म्हणजे त्याची वाढ खुंटे. दुसरा तो हायड्रोजन घेऊन मिथेन करी. पण मद्यार्कास तो स्पर्शही करू शकत नसे. वेगळे केल्यावर एकाचीही मद्यार्कावर नीट वाढ होईना. एकत्र आणताच दोघेही फोफावले.

मग अशा सहकाराचा आरंभ कसा होतो? जंतूंना ना मन, ना हेतू. ते सभा भरवीत नाहीत की भागभांडवल गोळा करीत नाहीत. अमेरिकेतील क्रिस्टिना हिल्सलँड आणि डेव्हिड स्टाल यांनी २०१० साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात या प्रश्नावर चांगला प्रकाश पडतो. त्यांनी एक बॅक्टेरिया व एक मिथेनकारी जीव असे दोन अपरिचित शेजारी एकत्र ठेवले. दिलेले अन्न असे होते की दोघांनी मिळूनच जगावे. प्रारंभी त्यांचा संसार डळमळीत होता. वाढ कधी होई, कधी अडे. परंतु सुमारे ३०० पिढ्यांनंतर या जोड्या मूळच्या जोड्यांपेक्षा ८० टक्के अधिक वेगाने वाढू लागल्या, आणि तितक्याच अन्नातून त्यांचे उत्पन्नही ३० टक्क्यांपर्यंत वाढले. पुढे २०१४ साली असे प्रसिद्ध झाले की सुमारे १००० पिढ्यांच्या अवधीत कित्येक ठिकाणी त्या बॅक्टेरियाने एकट्याने जगण्याची आपली एक जुनी विद्याच गमावली होती. यावरून क्रम स्पष्ट होतो. आधी शेजार, मग एकाने टाकलेल्या वस्तूचा दुसऱ्यास उपयोग, त्यातून दोघांची भरभराट, आणि शेवटी एकमेकांवाचून चालेनासे होणे. येथे परोपकाराने आरंभ होत नाही. तो होतो टाकाऊ वस्तूपासून.

आता पुन्हा त्या अंगणाकडे वळावे. आम्ल करणारे जंतू उतावळे असतात; त्यांची संख्या काही तासांत दुप्पट होते. मिथेनकारी मंडळी सावकाश. त्यांना पुष्कळदा दिवस लागतात. म्हणून नव्या टाकीतील पहिला वायू बहुतांशी कार्बन डायऑक्साइड असतो आणि तो काडी विझवितो. अशा वेळी आणखी शेण घालणे म्हणजे उतावळ्यांना अधिक जेवू घालणे. आम्ल साचते, टाकी आंबते, आणि आंबटपणा वाढला की मिथेनकारी जीव आणखीच मंदावतात. उलट शेण थांबविल्याने त्यांना गाठण्यास अवधी मिळतो, आणि चालू टाकीतील रबडीतून तर ही जोडपी जुळलेल्या स्थितीतच येतात. पौष-माघाच्या थंडीत वायू कमी होतो त्याचेही कारण हेच. सुमारे ३५ अंश उष्णता या मंडळीस मानवते, गारठ्यात ती आळसावते.

या जीवांना मनुष्याने कामास लावले त्याला बराच काळ लोटला. मुंबईस माटुंग्याच्या कुष्ठरोग्यांच्या आश्रमात १८९७ साली मैल्यापासून मिळणारा वायू उपयोगात आणला गेला होता. आणि १९८४ साली पुढे आलेल्या ‘दीनबंधू’ नमुन्याने विटांच्या घुमटाची स्वस्त टाकी खेड्यातील शेतकऱ्याच्या आटोक्यात आणली. टाकीतून बाहेर पडणारी रबडी वसमतकडच्या हळदीच्या वाफ्यांस किंवा सोयाबीनच्या रानास खत म्हणून पडते. म्हणजे या साखळीतील शेवटचा टाकाऊ पदार्थही वाया जात नाही.

महाराष्ट्रात सहकाराविषयी व्याख्याने पुष्कळ होतात. सहकार सावकाश जुळतो, घाईने आंबतो, आणि जुळलेल्याचे विरजण नव्यास लावले तर लवकर लागतो, इतके तरी ही अंगणातील टाकी शिकविते. आणि ज्या सकाळी नळीच्या तोंडाशी निळसर ज्योत स्थिर उभी राहते, त्या सकाळी घरधनिणीला व्याख्यानाची गरज उरत नाही. ती चहाचे आधण ठेवते.